खांदा एक, खेळ चार

पावसाचा जोर ओसरतो, शाळेच्या फलकावर क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक लागते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत ओपीडीत एक ठरावीक तक्रार दिसू लागते. मुलगी बारा ते पंधरा वर्षांची, सोबत आई किंवा क्रीडाशिक्षक. उजवा खांदा दुखतो, बहुतेक वेळा पुढच्या बाजूने. निदान घरीच झालेले असते. 'शीर आखडली', 'झोपेत हात अवघडला', 'खांदा उतरला'. शेकून झालेले असते, मालिश झालेली असते, कधी ओळखीच्या हाडवैद्याने हात ओढूनही झालेला असतो. काय खेळतेस, असे विचारले की उत्तर येते, 'सॉफ्टबॉल. पिचर आहे.' आणि आणखी काय खेळतेस, असे विचारले की यादी सुरू होते. शाळेच्या बेसबॉल संघात आहे, हँडबॉलमध्ये आहे, भालाफेकीत नाव दिले आहे, शिवाय रविवारी क्रिकेटच्या नेटला जाते.

दुखण्याचे कारण बहुधा त्या यादीत सापडते. सॉफ्टबॉलचे सर फक्त सॉफ्टबॉलचे चेंडू धरून विचार करतात. क्रिकेटच्या सरांच्या हिशेबात ती आठवड्यातून एकदाच येते, म्हणजे काहीच नाही. भालाफेकीचे सर म्हणतात, दहाच फेकी घेतल्या. तिघेही आपापल्या जागी खरे बोलतात. पण खांदा एकच असतो आणि त्याला खेळांची नावे कळत नाहीत. त्याला कळतात त्या फक्त फेकी, आणि त्यांची एकत्र बेरीज कोणीच ठेवलेली नसते.

सॉफ्टबॉल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बेसबॉलचा हा धाकटा भाऊ १८८७ मध्ये शिकागोत जन्मला, तोही छताखाली खेळायचा खेळ म्हणून. पुढे तो मैदानावर आला. चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा, मैदान लहान, सामना सात डावांचा. पिचर म्हणजे क्रिकेटमधला गोलंदाज म्हणता येईल, पण फरक मोठा आहे. क्रिकेटमध्ये एका बाजूने सहा चेंडू झाले की दुसऱ्याला चेंडू द्यावा लागतो. सॉफ्टबॉलमध्ये षटक नाही. एकच पिचर पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत टाकू शकते, आणि शाळेच्या संघात नेमके तेच होते, कारण अचूक टाकणारी मुलगी बहुधा एकच असते. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये हा खेळ चांगला रुजला आहे आणि सोलापूरही त्याला अपवाद नाही. मैदान छोटे चालते, साहित्य सगळ्यांत मिळून वापरता येते आणि मुलींना जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर जाण्याची संधी मिळते.

'खालून टाकते, मग काय होणार?'

हा प्रश्न मला पालकांपेक्षा प्रशिक्षकांनी जास्त वेळा विचारला आहे. समज असा, की बेसबॉलमध्ये हात डोक्यावरून फेकला जातो म्हणून खांदा बिघडतो. सॉफ्टबॉलचा पिचर हात खालून फिरवतो, ती हाताची नैसर्गिक हालचाल आहे, त्यामुळे कितीही टाकले तरी चालते. या समजाला एक मोठे उदाहरणही आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनो या पिचरने दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले. त्यातले दोन सामने एकाच दिवशी झाले आणि दोन्ही जादा डावांपर्यंत लांबले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात तिने पुन्हा पूर्ण सात डाव टाकले आणि ऑलिम्पिकमध्ये सलग २२ सामने जिंकलेल्या अमेरिकेला जपानने ३-१ असे हरवले. जपानमध्ये 'उएनोचे ४१३ चेंडू' हा जवळजवळ वाक्प्रचार झाला. तीच उएनो २०२१ मध्ये टोकियोत, वयाच्या ३९ व्या वर्षी, पुन्हा सुवर्णपदक घेऊन गेली. मग खांद्याचे काय बिघडले, असे कोणी विचारले तर ते गैर नाही.

पण बीजिंगमध्ये उएनो २६ वर्षांची होती. हाडांची वाढ केव्हाच पूर्ण झालेली, स्नायू अनेक वर्षांच्या शास्त्रशुद्ध तयारीचे, सोबत राष्ट्रीय संघाचा वैद्यकीय ताफा. दुसरे म्हणजे, आपल्याला टिकलेली उएनो दिसते. तिच्यासारखेच चेंडू टाकून सोळाव्या वर्षी खेळ सोडलेल्या मुली कोणत्याही पदक समारंभात दिसत नाहीत. तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. टोकियोच्या अंतिम सामन्यात उएनोने सुरुवात केली, सहाव्या डावात चेंडू २० वर्षांच्या मिउ गोतोच्या हाती दिला गेला आणि शेवटचा डाव टाकायला उएनो पुन्हा आली. म्हणजे जपानने तेरा वर्षांत दुसरी पिचर तयार केली. आपल्या प्रशिक्षकांनी उएनोकडून काही घ्यायचेच असेल, तर ४१३ हा आकडा घेऊ नये, गोतोला घ्यावे.

खालून टाकताना खांद्यात नेमके काय होते ते मोजलेही गेले आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधील पिचरचे चित्रीकरण करून अमेरिकी संशोधकांनी त्यांच्या खांद्यावरचा ताण काढला. पवनचक्कीसारखा हात पूर्ण फिरवून चेंडू सोडताना दंडाचे हाड खांद्याच्या सांध्यातून बाहेर खेचले जाते. ही ओढ शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के निघाली. वाढत्या वयाच्या पिचर मुलींवर झालेल्या अभ्यासातही खांद्यावरची ओढ मोठीच आढळली. ४५ किलोच्या मुलीला तेच प्रमाण लावले तर ३६ किलो होतात. क्षणभरच, पण प्रत्येक चेंडूला. मुलीच्या हाताला क्षणभर ३६ किलोचे पोते लटकवले आणि सोडले, पुन्हा लटकवले आणि सोडले, असे शंभर वेळा केले तर काय होईल, एवढी कल्पना करावी.

ही ओढ सांभाळायला खांद्याकडे हाड फारसे नाही. खुब्याचा सांधा खोल उखळात बसवलेला असतो. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेले लिंबू. म्हणूनच तो सगळ्या दिशांना फिरतो आणि म्हणूनच तो घसरू पाहतो. लिंबाला बशीवर धरून ठेवण्याचे काम चार छोटे खोल स्नायू करतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यांच्या जोडीला दंडाची बेटकुळी असते, म्हणजे बायसेप्स. तिचा एक लांब कंडरा खांद्याच्या पुढून, हाडातल्या खाचेतून सांध्यात जातो. खालून टाकण्याच्या पद्धतीत चेंडू सुटण्याच्या आसपास बेटकुळीला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात, कोपर ताब्यात ठेवायचा आणि दंडाचे हाड सांध्यात धरून ठेवायचे. शिकागोतील डॉक्टरांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून पाहिले, तेव्हा बेटकुळीचे काम वरून फेकण्यापेक्षा खालून टाकताना जास्त भरले. पिचर मुलींचा खांदा पुढून का दुखतो, याचे उत्तर इथे आहे.

वरून फेकताना बिघडणाऱ्या जागा वेगळ्या आहेत. हात मागे जातो तेव्हा दंडाचे हाड पिळले जाते, आणि चेंडू सुटल्यावर धावत्या गाडीला ब्रेक लावावा तसे खांद्यामागचे स्नायू हाताला थांबवतात. तिथे दुखणे मागे आणि बाहेरच्या बाजूला येते. आता आपली पिचर पाहा. सामन्यात ती खालून टाकते. तिच्याकडे आलेला फटका अडवून पहिल्या बेसला वरून फेकते. ज्या सामन्यात तिला 'विश्रांती' म्हणून पिचिंग देत नाहीत, त्या सामन्यात तिला शॉर्टस्टॉप किंवा तिसऱ्या बेसवर उभे करतात, कारण संघातला सगळ्यात जोरकस हात तिचाच. तिथून सगळ्यात लांब आणि जोराच्या फेकी वरूनच कराव्या लागतात. दुसऱ्या दिवशी बेसबॉल, तोही वरून. मग भाला. म्हणजे खांद्याची पुढची बाजू एका खेळात झिजते, मागची दुसऱ्यात, आणि सुट्टी दोघींनाही नाही. वजनही दर वेळी बदलते. सॉफ्टबॉल १८० ते २०० ग्रॅमच्या आसपास, बेसबॉल १४५ च्या आसपास, मुलींचा हँडबॉल पाव किलोहून जड, भाला अर्धा किलो किंवा त्याहून जास्त. मेंदू हे जमवून घेतो. कंडऱ्याला वेळ लागतो.

वाढीची पट्टी

मुलांचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे, हे वाक्य आम्हा डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून ऐकवले जाते. खांद्याच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला, सांध्याच्या अगदी जवळ, कूर्चेची एक पट्टी असते. हाडाची लांबी वाढते ती इथून. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ या एका पट्टीतून होते. मुलींमध्ये ती साधारण चौदा ते सोळा वर्षांच्या सुमारास आणि मुलांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांनी हाडात रूपांतरित होते. तोवर ती सगळ्या साखळीतली कच्ची कडी असते. मोठ्या माणसात ज्या पिळाने स्नायूचा कंडरा दुखावतो, त्याच पिळाने मुलांत ही पट्टी रुंदावते, चिडते, क्वचित सरकते. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या लहान मुलांत हे प्रथम लक्षात आले, म्हणून तिथे या आजाराला बेसबॉलच्या बालसंघटनेचेच नाव पडले. खालून टाकण्याने हे कमी होते, वरून फेकण्याने जास्त. म्हणजे निव्वळ पिचर असलेल्या मुलीपेक्षा पिचिंग, बेसबॉल आणि भाला असे सगळे करणाऱ्या मुलीबाबत मला याची शंका लवकर येते.

साधा एक्स-रे पुरतो, मात्र दोन्ही खांद्यांचा काढावा लागतो. एका खांद्याचा पाहून पट्टी रुंद झाली की तेवढीच होती, हे सांगणे अवघड. पालक विचारतात, न दुखणाऱ्या बाजूचा कशाला? त्याचे कारण एवढेच, की मुलीचा दुसरा खांदा हीच तिची मोजपट्टी. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे निर्दोषही येतो. अशा वेळी एक्स-रेपेक्षा बोटाने दाबून पाहिलेल्या जागेवर आणि मुलीच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा.

याच वयात याच हाडाच्या याच टोकाला हाडाच्या गाठी, पोकळ्या आणि क्वचित कर्करोगही होतो. म्हणून ज्या दुखण्याचा फेकीशी संबंध लागत नाही, जे विश्रांतीत आणि रात्री वाढते, ज्यासोबत ताप, सूज किंवा वजन घटणे आहे, ते 'खेळाचे दुखणे' म्हणून अंगावर काढू नये. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. शंभरात एखादीही अशी निघत नाही, पण तिला मालिश करत दोन महिने गेलेले असतात, ते जाऊ नयेत.

जास्त खेळ खेळणे वाईट का?

इथे गोंधळ होऊ नये. लहान वयात एकाच खेळाला जुंपलेल्या मुलांना दुखापती जास्त होतात, हे आता बऱ्यापैकी सिद्ध आहे. शिकागोतल्या बाराशेच्या आसपास मुलांच्या अभ्यासातून २०१५ मध्ये एक सोपा नियम पुढे आला. मुलाचे वय जितके वर्षे, त्याहून जास्त तास आठवड्यात संघटित खेळ झाला, तर अतिवापराच्या गंभीर दुखापती वाढतात. तेरा वर्षांची असेल तर आठवड्याला तेरा तास, ही ढोबळ मर्यादा. अनेक खेळ खेळण्याचा फायदा मात्र तेव्हाच मिळतो, जेव्हा खेळ बदलला की कामाला लागणारे शरीराचे भागही बदलतात. सॉफ्टबॉल, बेसबॉल, हँडबॉल आणि क्रिकेट हे फलकावर चार खेळ असतील, खांद्याच्या लेखी तो एकच खेळ आहे.

सोलापूर जिल्ह्यातील मिरे गावची किरण नवगिरे विद्यापीठात असताना भालाफेक आणि गोळाफेक करायची. पुढे ती क्रिकेटमध्ये गेली आणि २०२२ मध्ये भारतीय संघात आली. अशी उदाहरणे आता घराघरात सांगितली जातात आणि सांगावीतच. पण ती एका खेळातून दुसऱ्या खेळात गेली. एका आठवड्यात चार खेळ करणे ही वेगळी गोष्ट. माझे वैयक्तिक मत विचाराल तर सॉफ्टबॉलच्या पिचरला जोडीला द्यायचा उत्तम खेळ आपल्या दारातच आहे, खो-खो. पिचिंगमधली बरीचशी ताकद पायातून आणि कमरेतून येते. पाय कमी पडले की ती तूट खांदा भरून काढतो. खो-खो पाय घडवतो आणि हाताला सुट्टी देतो. धावणे, फुटबॉल हेही चालेल.

आपल्याकडची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या पावसाळ्यानंतरच्या काही महिन्यांत उरकल्या जातात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा एकीकडे, संघटनांच्या सबज्युनिअर आणि ज्युनिअर स्पर्धा दुसरीकडे. उन्हाळ्यात ऊन चाळिशीपार, मग सुट्टी, मग शाळा सुरू होण्याची गडबड. हात दोन-तीन महिने थंड. आणि एकदम वेळापत्रक लागते, तेव्हा रोज शंभर चेंडू. शरीर हळूहळू वाढवलेले काम सोसते. अचानक चौपट झालेले सोसत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत जिंकणाऱ्या संघाला एका दिवसात दोन, कधी तीन सामने खेळावे लागतात. म्हणजे जी पिचर चांगली, तिच्याच खांद्यावर जास्त सामने.

यात कोणाचा दुष्टपणा नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. बापाचा यंत्रमाग आणि आईच्या विड्या यांच्यावर चालणाऱ्या घरात मुलीच्या हातातला चेंडू ही खरीखुरी आशा असते. 'दोन महिने बंद' असे मी म्हणतो तेव्हा ते घर काय ऐकते, हे मला कळते. म्हणूनच दुखणे दोन महिन्यांवर जाण्याआधी पकडावे, एवढा आग्रह.

आई आधी ओळखते

सुरुवातीला दुखणे फक्त टाकताना होते आणि गरम झाल्यावर जाते. मग सामन्यानंतर राहते. मग दुसऱ्या दिवशी सकाळीही असते. मुली दुखते असे सहसा सांगत नाहीत, संघातून काढतील ही भीती असते. प्रशिक्षकाला दिसते ते वेगळेच. चेंडूचा वेग उतरतो, अचूकता जाते, चेंडू उंच जाऊ लागतात, आणि मुलीला 'लक्ष नाही' म्हणून बोलणी बसतात. घरी आईला दिसते की वेणी घालताना हात वर जात नाही, दप्तर दुसऱ्या खांद्यावर गेले आहे, त्या कुशीवर ती झोपत नाही. यांतले एकही लक्षण आठवड्याच्या पुढे टिकले तर दाखवावे. हाताला मुंग्या येत असतील किंवा खांदा निसटल्यासारखा वाटत असेल तर आठवडाही थांबू नये.

सामन्याआधी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन देण्याची पद्धत मैदानावर आहे, ती थांबायला हवी. दुखणे हा शरीराने दिलेला हिशेब आहे. गोळी आकडा पुसते, कर्ज फेडत नाही. शिवाय ऑक्टोबरच्या उन्हात, पाणी कमी प्यायलेल्या, सकाळपासून उपाशी असलेल्या मुलीला डायक्लोफेनॅकसारखे औषध देणे पोटाला आणि मूत्रपिंडाला धोक्याचे असते. वाढत्या वयात खांद्यात स्टेरॉइडची इंजेक्शने तर 'लवकर बरे व्हायचे' म्हणून मुळीच मागू नयेत.

थकव्याचा मुद्दा मला फिजिशियन म्हणून जास्त जवळचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात खांद्याच्या किंवा कोपराच्या शस्त्रक्रियेपर्यंत गेलेले तरुण बेसबॉल पिचर आणि तशी वेळ न आलेले पिचर यांची तुलना केली गेली. वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेचा धोका पाचपट होता. थकलेल्या हाताने वारंवार टाकणाऱ्यांत तो ३६ पट निघाला. ती मुले होती, बेसबॉलची होती, हे धरूनही हा आकडा बाजूला सारता येत नाही. आपल्या मुली तर थकलेल्याच मैदानावर येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन नऊ असलेल्या मुलीचा स्नायू चाळिसाव्या चेंडूलाच दमतो, मग बशीवरचे लिंबू सांभाळायचे कोणी? खांदा दुखतो म्हणून आलेल्या पिचरचे मी रक्त तपासतो, तेव्हा घरच्यांना नवल वाटते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी मुली खिशात घालून घरी नेतात, ती खाल्ली जाते का, हे एकदा पाहावे. आणि सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येते, त्या दिवशी घागरी कोण भरते, हेही. तीही खांद्याच्या बेरजेत धरायची फेक आहे.

उपचारात शस्त्रक्रिया क्वचितच येते. फेकणे पूर्ण बंद; धावणे, पायाचे व्यायाम, अगदी संघासोबत बसून डावपेच शिकणे चालू. कंडऱ्याची सूज असेल तर बऱ्याचदा काही आठवडे, वाढीची पट्टी दुखावली असेल तर साधारण तीन महिने. दुखणे थांबले म्हणजे पट्टी भरली असे नसते, हे घरच्यांना दोनदा सांगावे लागते. परत सुरुवात करताना निम्म्या अंतरावरून, निम्म्या जोराने, एक दिवसाआड वीस-पंचवीस फेकी. त्यात काही दुखले नाही तरच पुढच्या आठवड्यात थोडे अंतर, मग जोर, आणि पवनचक्कीची पूर्ण फेक सगळ्यात शेवटी.

आता मोजणीचे. अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने सॉफ्टबॉल पिचरसाठी सुचवलेल्या मर्यादा अशा: दहा ते बारा वयात एका सामन्यात ६५ चेंडू, तेरा-चौदा वयात ८०, पंधरानंतर १००. बारा वर्षांपर्यंत सलग तिसऱ्या दिवशी पिचिंग नाहीच. या अनुभवी तज्ज्ञांच्या सूचना आहेत, दगडावरची रेघ नव्हे, पण आपल्याकडे काहीच नाही त्यापेक्षा बऱ्या. यात डावांमधले सरावाचे चेंडू आणि क्षेत्ररक्षणातल्या फेकी धरलेल्या नाहीत.

उदाहरणादाखल एक आठवडा घ्या. सॉफ्टबॉलचा सराव चार दिवस, रोज ८० चेंडू, म्हणजे ३२०. बेसबॉलच्या दोन दिवसांत ८० फेकी. क्रिकेटच्या नेटला ५०. शनिवारी दोन सामने, ७० चेंडूंचे, म्हणजे १४०. बेरीज ५९०, त्यात विश्रांतीचा दिवस एकही नाही. सॉफ्टबॉलच्या सरांना यातले ४६० माहीत, क्रिकेटच्या सरांना ५०, आणि आईला शून्य. म्हणून वही मुलीच्या दप्तरात हवी, कोणत्याही एका सरांच्या कपाटात नको. दोनशे पानी वहीत पाच रकाने: तारीख, खेळ, खालून किती, वरून किती, दुखले का. चेंडू मोजायला राखीव खेळाडू बसवावी. बाकावर बसलेल्या मुलीला कामही मिळते. वही दोन्ही सरांनी पाहायची आणि ज्याचा सामना आधी, त्याला त्या आठवड्याचा हात द्यायचा, हे मुख्याध्यापकांनी ठरवून टाकावे. आठवड्यात किमान एक दिवस फेक नाही, वर्षात दोन-तीन महिने नाही. पिचिंग केलेल्या दिवशी दुसऱ्या सामन्यात पिचरला पहिल्या बेसवर उभे करावे, तिथून लांब फेकी कमी लागतात.

व्यायामाला जिम नको, सायकलची जुनी ट्यूब पुरते. हॉलची ताणाची पट्टी विकत घेतली तर उत्तमच, पण ट्यूब उभी चिरून खिडकीच्या गजाला बांधली तरी काम तेच. कोपर नव्वद अंशात वाकवून अंगाला चिकटवायचा, मध्ये घडी केलेला टॉवेल धरायचा आणि ट्यूब ओढत पंजा हळूहळू बाहेर न्यायचा. पंधरा वेळा, दोन फेऱ्या, परत येताना नेण्याहून सावकाश. मग दोन्ही हातांनी ट्यूब छातीकडे ओढायची, पाठीवरची दोन्ही पाती जवळ आणत, तेही पंधरा वेळा. भिंतीला टेकून जोर मारायचे आणि वर आल्यावर भिंत आणखी थोडी ढकलायची, म्हणजे पाती छातीच्या पिंजऱ्याला चिकटून राहायला शिकतात. शेवटी एका पायावर अर्धी बैठक, दोन्ही पायांनी दहा-दहा. हे आठवड्यातून तीनदा, सरावानंतर. सामन्याच्या आधी नाही, नाहीतर दमलेले स्नायू घेऊनच मुलगी मैदानात उतरते. ट्यूब जुनी असते, ओढण्याआधी तिला तडे गेलेत का ते रोज बोटांनी चाचपावे आणि ओढताना तोंड गजाच्या रेषेत ठेवू नये. तुटलेली ट्यूब थेट डोळ्यावर येते.